वहिनीनं लिफ्ट अडवली

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचे की नाहीत, यात सकाळचा अर्धा तास गेला. सहा वर्षांनी अचानक आशीर्वाद धाडले तर तू ते तसेच परत पाठवशील, म्हणून लिहिले नाहीत. आहेत असं समज.

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हातानं लिहितोय. कपाट सरकवताना उजवं मनगट दुखावलं, प्लास्टर घातलंय. काळजीचं काही कारण नाही.

तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल, गेल्या मे महिन्यात तुझ्या वहिनीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालते. शब्द तीनच उरलेत: 'हो', 'नको' आणि 'चल'. त्यातला 'नको' ती पुष्कळदा 'हो'च्या जागीही वापरते, तेव्हा तोंडाकडे बघून अर्थ लावावा लागतो. डोकं मात्र पूर्वीसारखंच लखलखीत आहे. मी काही चुकीचं बोललो की अजूनही तशीच बघते. ती नजर तुला माहीत आहे.

तिचं सगळं मी एकट्यानं करतो. म्हणजे करत होतो. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, दहा-दहा माणसांचा जीव माझ्या हातातल्या दोरावर लोंबकळत होता. घरातल्या एका माणसाला उठवायचं-बसवायचं त्यात काय मोठंसं, असं वाटायचं. आता हात असा झाल्यावर इथल्या ज्येष्ठांच्या मदत केंद्राकडून रोज सकाळी एक मदतनीस ताई येतात. केंद्राच्या मुख्य बाई एकदा घर बघून गेल्या. त्या सगळं वहीत लिहून घेतात म्हणून मी त्यांना वहीवाल्या बाई म्हणतो. खोल्याखोल्यांतून हिंडल्या, चटया उचलायला लावल्या, खुर्चीची उंची मोजली, औषधांच्या डबीला वारांचे कप्पे आहेत का ते पाहिलं. लिफ्टची वार्षिक तपासणी करायला मी जसा जायचो, अगदी तसंच. फरक एवढाच की या वेळी लिफ्ट मी होतो.

पत्राचं कारण वेगळंच आहे. वहिनी अंघोळीला घाबरते. डोक्यावरून पाणी आलं की चांगल्या हातानं मला घट्ट धरते आणि थरथरते. आईसुद्धा शेवटी शेवटी पाण्याला घाबरायची, असं तू एकदा म्हणाला होतास. तेव्हा मी नीट ऐकलं नव्हतं. तू काय करायचास?

एवढंच.

तुझा दादा

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, आणि ते यावंच असा माझा हक्कही नाही. पण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, ते दुरुस्त करायला हवं.

पत्र टाकण्याआधी वहिनीला वाचून दाखवलं होतं. कपाटाच्या वाक्याला ती म्हणाली, "नको." मी म्हटलं, "म्हणजे हो ना?" तर तिनं चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला आणि पुन्हा म्हणाली, "नको!" तरी मी पाकीट चिकटवलं. तेव्हापासून पंधरा दिवस ती नजर माझ्या पाठीला चिकटलेली आहे. आता खरं सांगतो.

मी बाथरूममध्ये पडलो. माझ्याच हातानं बसवलेल्या दांड्यामुळे.

झालं असं की, वहिनी दवाखान्यातून घरी आली तेव्हाच केंद्रातल्या एका बाईंनी बाथरूम बघून बजावलं होतं, "आधाराचा दांडा आमच्या माणसाकडून बसवून घ्या. तुमच्या बाथरूमची भिंत पोकळ आहे, साधे स्क्रू धरणार नाहीत." मी त्यांना हसलो. मला भिंत शिकवतात! त्याच संध्याकाळी ड्रिल काढलं आणि चार स्क्रूंवर दांडा ठोकून मोकळा झालो. भिंतीतून आवाज पोकळ आला होता. मी ऐकला होता तो. माझ्या हाताखालच्या कुठल्या पोरानं असं काम केलं असतं तर त्याला मी दारातून बाहेर काढलं असतं.

सात-आठ महिने टिकला. जानेवारीत एका सकाळी, अकराच्या सुमारास, वहिनीला बाहेरच्या खुर्चीत बसवून मी बाथरूम पुसायला गेलो. पाय सरकला, दांडा पकडला, आणि दांडा भिंतीच्या तुकड्यांसकट हातात आला. कमोड आणि भिंत यांच्या मधे असा अडकलो की उजवा हात माझ्याच अंगाखाली. श्वास घेतला की बरगडीत कळ जायची. ओरडायला गेलो तर आवाज उंदराएवढा.

केंद्रानं तेव्हाच गळ्यात घालायचं एक बटणही दिलं होतं. दाबलं की त्यांच्याकडे फोन लागतो, मग ते शेजाऱ्यांना आणि रुग्णवाहिकेला कळवतात. एक वहिनीला, एक मला. मी दोन्ही टेबलाच्या खणात टाकली होती. गळ्यात घंटा बांधायला आपण काय गुरं आहोत, असं मीच वहिनीला म्हटलं होतं, आणि ती हसली होती.

वहिनीनं आवाज ऐकला. तिनं दारापर्यंत येऊन मला पाहिलं. धाकट्या, तो चेहरा मी विसरणार नाही. ती खाली वाकू शकत नाही, फोनवर बोलू शकत नाही. मी म्हटलं, "खण... खण..." पण खण उजव्या बाजूचा आहे, आणि तो जाम बसतो. दोन झटके दिलेले मला ऐकू आले. मग वॉकरचा आवाज लांब गेला. आमचं दार उघडलं. त्या दिवसापर्यंत ती एकटी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

समोर एक बाई शिवणकाम करतात. त्यांच्या दारावर तिनं हात आपटला. पण त्यांचं मशीन चालू, त्यांना काय ऐकू येणार. मला वाटलं, आता ही परत येईल आणि नुसती बसेल माझ्याजवळ.

ती लिफ्टकडे गेली. बटण दाबलं, लिफ्ट वर आली, दार उघडलं, आणि तिनं आपला वॉकर दारात आडवा घातला. स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. दार मिटायचं, वॉकरला लागून उघडायचं, पुन्हा मिटायचं, आणि थोड्या वेळानं ती तक्रारीची टिंगटिंग सुरू झाली.

चाळीस वर्षं मी घरी येऊन एकाच गोष्टीचा राग काढत आलोय: लिफ्टच्या दारात सामान अडकवून गप्पा मारणारी माणसं. अशा वेळी खालचे लोक किती चिडतात, कसे शिव्या देत जिना चढून येतात, हे तिनं माझ्याकडून हजार वेळा ऐकलंय. बरं झालं, मी इतकी कटकट केली.

तसंच झालं. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब, भलतेच तापट, त्यांना कोर्टाची घाई. तीन मजले चढून ओरडतच आले. "काय लावलंय हे! लोकांना काही कामधंदे—" वहिनीनं त्यांची बाही पकडली होती आणि ती म्हणत होती, "नको, नको, चल. नको, चल."

दुसरा कुणी म्हणाला असता, काय म्हणायचंय या बाईला. वकीलसाहेबांनी फाईल जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "चला, वहिनी."

पन्नास मिनिटं मी खाली होतो. मनगट मोडलं, एका बरगडीला तडा गेला. कपाट कुणीही सरकवलं नव्हतं.

हे पत्रही तिला वाचून दाखवलं. तिनं नुसती मान हलवली आणि चहाकडे बोट केलं.

दादा

७ मार्च

धाकट्या,

आज गुरुवार. गुरुवारी दुपारी केंद्रात आमची बैठक असते. आमची म्हणजे सांभाळणाऱ्यांची. वहिनी तोवर खालच्या दालनात असते. तिथे तिला बोलण्याचे धडे देतात, आणि ती पत्ते खेळते. मी वरच्या खोलीत, गोल मांडलेल्या खुर्च्यांत.

आधी मी जाणारच नव्हतो. वहीवाल्या बाई घरी आल्या होत्या तेव्हा वहिनीचं सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "आणि तुमचं काय?"

"माझं काय? मनगट मोडलंय."

"ते दिसतंय. झोप किती होते? शेवटचं कुणाशी गप्पा मारायला कधी बसलात? चिडचिड होते का?"

मी म्हटलं, "मी ठीक आहे." त्यांनी ते वहीत लिहिलं नाही. पेन तसंच धरून बसल्या. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत मला कुणी विचारलंच नव्हतं.

आज बैठकीत मी एक गोष्ट सांगितली, ती तुलाही सांगतो. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी वहिनी घास तोंडात धरून बसली होती. गिळेना, थुंकेना. अर्धा तास. मी तिचा दंड धरला आणि ओरडलो, "गीळ! मुद्दाम करतेस का?" धरला तो किती जोरात, ते नंतर कळलं. चार बोटं उमटली होती. आठवडाभर तिला मी लांब बाह्यांचे कपडे घातले. झाकायचं कुणापासून होतं? घरात येत कोण होतं?

मग एक निवृत्त बसचालक, बायकोचंच करतात तेही, ते म्हणाले, "मी ताट भिरकावलं होतं. भिंतीवर अजून डाग आहे."

वहीवाल्या बाईंनी मला माफ वगैरे केलं नाही. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता असं पुन्हा होण्याच्या आधी तुम्ही काय कराल, ते आजच ठरवू." आणि ठरवलं. राग चढायला लागला की तिला सुरक्षित बसवायचं, घास तोंडात असेल तर आधी बोटानं काढायचा, आणि दाराबाहेर जिन्यात उभं राहून त्यांना फोन करायचा. जेवणाबद्दल गिळण्याच्या तज्ज्ञ बाईंना विचारायचं. त्या खालच्या दालनातच भेटल्या, म्हणाल्या, ती मुद्दाम करत नव्हती. झटक्यामुळे घशाला घास कळतच नाही. अन्न मऊ आणि घट्टसर हवं, हनुवटी किंचित खाली हवी. एवढंच होतं ते. एवढंच.

घरी येताना वाटेत मला तू दिसायला लागलास.

धाकट्या, तू आईचं नऊ वर्षं केलंस. मी वर्षातून दोनदा यायचो, फळांची पिशवी घेऊन. दोन दिवस तिच्या उशाशी बसायचो आणि तुला सल्ले द्यायचो. तिला फिरवत जा, तिच्याशी बोलत जा, तिच्यावर आवाज चढवू नकोस. तिसऱ्या दिवशी माझी गाडी असायची. शेवटचे सात महिने तू तिला शुश्रूषागृहात ठेवलंस. आणि ती गेली त्या आठवड्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जन्मदात्रीला परक्यांच्या दारात टाकून मोकळा झालास."

तू उठलास, सगळ्यांचे कप गोळा केलेस आणि आत धुवायला गेलास. तुझ्या पाठीला पट्टा होता. आईला उचलून उचलून कंबर गेली होती तुझी. तो पट्टा मला त्या दिवशीही दिसला होता. मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही मला.

मी चुकलो. चुकलो म्हणजे बोलण्याच्या भरात गेलो असं नव्हे. तू नऊ वर्षं जे केलंस ते मला दहा महिने नीट जमलं नाही, आणि त्याच्यावर मी सगळ्यांसमोर थुंकलो.

उत्तराची घाई नाही.

दादा

२ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. सहा ओळी. आईची शपथ, इतकं कंजूष पत्र मी आयुष्यात वाचलं नाही, आणि दिवसभरात इतक्या वेळा वाचलेलंही दुसरं नाही.

तुझ्याच ओळी तुला सांगतो, म्हणजे नीट पाळल्या हे कळेल. 'डोक्यावर पाणी घालू नको. खुर्चीत बसव, पायांपासून वर ये. आधी तिच्याच हातात तांब्या दे. खांद्यावर कोरडा टॉवेल असू दे. कपडे घालताना लुळ्या हातापासून सुरुवात, काढताना चांगल्या हातापासून. आईचं मी दोन वर्षं उलटं करत होतो, ती रडायची.'

पत्रातल्या माझ्या त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. पण शेवटची ओळ दहादा वाचली. ती तू मला का लिहिलीस, ते समजलं.

काल प्रयोग केला. मदतनीस ताई बाजूला उभ्या होत्या. वहिनीच्या डाव्या हातात तांब्या दिला. तिनं स्वतःच्या पायांवर पाणी ओतलं, मग गुडघ्यांवर. मग माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं माझ्या पायजम्यावर ओतलं. मुद्दाम. ताई हसून हसून भिंतीला टेकल्या. आणि हो, भिंतीला टेकता येतं आता. नवा दांडा केंद्राच्या माणसानं बसवलाय. मी शेजारी उभा राहून पाहिलं. पोकळ भिंतीसाठी वेगळे, आत जाऊन फुलणारे खिळे असतात. मी एक शब्द बोललो नाही. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही यातले का?" मी म्हटलं, "नाही."

प्लास्टर निघालं. मंगळवारी आम्हाला जमिनीवरून उठायला शिकवतात. खरंच. सत्तरी ओलांडलेली नऊ माणसं सतरंजीवर पडतात, आधी जागच्या जागी थांबतात, कुठे लागलंय का चाचपतात, मग कुशीवर, मग गुडघ्यांवर, रांगत खुर्चीपर्यंत, एक पाय पुढे, आणि वर. शिकवणाऱ्या बाई नात शोभतील इतक्या लहान. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, उठायची घाई कशाला?" जन्मभर मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

बटणं दोघांच्याही गळ्यात आहेत.

एक विचारू? मे महिन्यात केंद्र तीन-चार दिवस बदली माणूस द्यायला तयार आहे, मला विश्रांती म्हणून. पण वहिनीला अनोळखी माणूस रात्री घरात नको. तिला विचारलं, "मग कोण चालेल?" तर ती उठली, वॉकर घेतला, कपाटापर्यंत गेली आणि आपला चौघांचा जुना फोटो काढून आणला. बोट आईवर ठेवलं नाही, माझ्यावरही नाही.

तुझी कंबर कशी आहे ते आधी कळव. ती धड नसेल तर येऊ नकोस. उचलायचं काही नाही, ती स्वतः उठते. नुसतं जवळ असावं लागतं.

दादा

३० मे

धाकट्या,

पोचलास ना? पट्टा इथेच विसरलायस, बाथरूमच्या दारामागे. पाठवतो. की मुद्दाम ठेवलास?

तू राहिलास ते दहा दिवस आपण दोघं त्या विषयावर बोललो नाही. दार उघडलं तेव्हा तू म्हणालास, "चटया उचलल्यास का?" मी म्हटलं, "उचलल्या." झालं, तेवढ्यात सगळं आलं असं मी धरून चालतो. चूक असेल तर लिही.

माझ्या सुट्टीचा हिशेब तू विचारलास, मी उडवून लावलं. आता सांगतो. तळ्याकाठी राहणाऱ्या, कामावरच्या जुन्या जोडीदाराकडे गेलो. पहिल्या दिवशी अकरा तास झोपलो. त्याला वाटलं मेलो. दोनदा येऊन नाकापुढे बोट धरून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो आणि तो बोलत होता, मी ऐकत होतो. वहिनीची आठवण दुपारपर्यंत आली नाही. आली तेव्हा दचकलो. पण मग वाटलं, नाही आली तर नाही आली. तिच्याजवळ तू आहेस. हे वाटणं म्हणजे काय सुख असतं, ते तुला नऊ वर्षांत किती वेळा मिळालं असेल? मी तुझ्या जागी एक आठवडा जरी येऊन राहिलो असतो तर? हा प्रश्न आता माझ्याजवळच राहू दे. त्याचं उत्तर तू देऊ नकोस.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. संध्याकाळच्या बसनं यायचं ठरलं होतं, सकाळच्याच बसनं आलो. पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू औषधं आणायला खाली गेला होतास आणि शिवणकामवाल्या बाई तिच्याजवळ बसल्या होत्या.

मी दार ढकललं. खिडकीजवळ टेबलावर पत्ते पसरलेले. वहिनीचे केस विंचरलेले, तेही नीट मधोमध भांग पाडून; माझ्याकडून तो कायम वाकडा जातो. समोर तुझी रिकामी खुर्ची, तुझे पत्ते पालथे. ती तुझे पत्ते उचलून बघत होती, धाकट्या. तू तिच्याशी सतत का हरत होतास ते आता कळलं ना?

मी उंबऱ्यात उभा. हातात पिशवी, चेहऱ्यावर एवढं हसू. वाटलं, ती हात पुढे करेल. डोळे भरतील वगैरे.

तुला आठवतं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं मला चार लोकांत कसं गप्प केलं होतं? तिच्या तिरकस बोलण्यावर सगळं घर हसायचं, आणि मी फुगून बसायचो. गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त काय आठवलं असेल तर ते. घर इतकं सरळ होऊन गेलं होतं. मी म्हणेन ते, मी देईन ते, मी लावेन ते.

तिनं तुझे पत्ते सावकाश पालथे ठेवले. माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओठ दोन-तीनदा हलले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, 'चल' म्हणेल, नाहीतर 'हो'. आणि ती अगदी स्पष्ट म्हणाली,

"इतक्यात?"

शिवणकामवाल्या बाईंच्या हातातून सुई पडली. मी तिथेच दारात, पिशवीवर बसलो आणि इतका हसलो, इतका हसलो, की बरगडी पुन्हा दुखायला लागली.

दादा